मिनू : उगम वादग्रस्त

४ मार्च

चि. लेकीस,

तुझ्या कार्यालयाचं छापील पत्र मिळालं. वर ‘माननीय महोदय/महोदया’ असं आहे आणि त्यातलं ‘महोदय’ तू पेनाने खोडलं आहेस. खाली तुझी सही. दोन वर्षं आणि एका महिन्यानंतर तुझ्या हातचं मला एवढंच आलं, एक खोडलेला शब्द आणि एक सही. तक्रार करत नाही. पत्र आलं ते आलं.

तुमची संस्था संगणकाच्या जगातल्या नावांचा कोश करते आहे, कुठलं नाव कुठून आलं ते त्यात असेल, आणि ‘मिनू’ या प्रोग्रॅमची नोंद तुझ्याकडे आली आहे, एवढं मला कळलं. ‘प्रोग्रॅम करणाऱ्याच्या कुटुंबाकडे काही माहिती असल्यास सोबतच्या फॉर्मवर लिहून पाठवावी.’ त्या फॉर्मवर लिहायला जी चौकट आहे ती दीड इंचाची आहे. मी टेप लावून मोजली. दीड इंचात एक काज आणि एक बटण बसतं. मिनू बसत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

फॉर्मवर तुम्ही आधीच छापून टाकलं आहे, ‘प्रचलित मत : मल्टिपल इनपुट न्यूमेरिक युटिलिटी या चार शब्दांची आद्याक्षरं.’ ते चूक आहे. खरं काय ते तुला माहीत आहे. तरीही पहिल्यापासून लिहिते, कारण तू नोंद करणारी म्हणून विचारलं आहेस, मुलगी म्हणून नाही.

मिनू ही प्रोग्रॅम करणाऱ्याची थोरली मुलगी. तीन वर्षं दहा महिन्यांची असताना तापाने तीन दिवसांत गेली. तिचा फोटो एकच आहे आणि त्यात तिने नेमकी मान वळवली आहे. तिचे वडील टेलिफोन कचेरीच्या यंत्रखोलीत होते. तिथल्या चौकशीच्या बायकांना एकेका कामासाठी लांबलचक हुकूम पाठ करावे लागत. यांनी असं केलं की पडद्यावर कामांची यादीच यावी, प्रत्येकापुढे आकडा, आकडा दाबला की काम उघडलं. आता कुणालाही त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा माणसं ते बघायला यायची. पुढे ते वीजबिलाच्या खिडकीवर आलं, तिकिटांच्या खिडकीवर आलं, इस्पितळात आलं. यादीच्या डोक्यावर चार इंग्रजी अक्षरं असायची. एम, आय, एन, यू.

मिनू गेल्यावर मी बोलणं आणि जेवण दोन्ही सोडलं होतं. विसाव्या-बाविसाव्या दिवशी तुझे बाबा मला हाताला धरून कचेरीत घेऊन गेले. यंत्रखोलीत थंडी होती, त्यांनी स्वतःचा स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला आणि पडद्यासमोर उभं केलं. हिरवी अक्षरं होती. मला इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं आणि म्हणाले, “ही बघ. ही आता कुठे जात नाही.”

त्या दिवशी घरी येऊन मी भात टाकला. मी इंग्रजीत वाचायला शिकलेला पहिला शब्द तोच. नंतर मी मुद्दाम बिलांच्या रांगेत उभी राहायची. माझा नंबर आला की कारकून म्हणायचा, बाई, पुढे सरका, आणि मी काचेतून त्याच्या पडद्याकडे बघत असायची. मग नवी यंत्रं आली आणि ती अक्षरं पडद्यावरून गेली. तूच एकदा फोनवर म्हणाली होतीस की जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात ती अजून आहेत, पण तिथे कुणी बघत नाही.

तेव्हा आता तुमचं पुस्तक उरलं. उगम म्हणून मुलीचं नाव लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आशीर्वाद सोबत आहेत. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

आई

१९ मार्च

चि. लेकीस,

दोन ओळी मिळाल्या. ‘कौटुंबिक आठवण हा पुरावा म्हणून धरता येत नाही. प्रोग्रॅमच्या काळातलं अथवा त्या वेळी काम करणाऱ्या व्यक्तीचं तारखेसह लेखी निवेदन असल्यास कळवावं.’

पहिल्यांदा राग आला. दिवसभर मशीन चालवलं, शाळेच्या गणवेशाच्या अकरा चड्ड्या शिवल्या आणि त्यातल्या चारांच्या शिलाया संध्याकाळी उसवल्या. मग वाटलं, बरोबर विचारलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.

मी सातवीपर्यंत शिकले, हे तू कधी चारचौघांत लपवलं नाहीस, सांगितलंही नाहीस. वाचायला मला वाचनालयातल्या बाईंनी लावलं. तुझं पत्र आल्यावर त्यांच्याकडून नावांवरची दोन पुस्तकं आणली. एक मराठीत होतं, दुसरं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. तुमच्या धंद्यात या भानगडी फार आहेत. यंत्रातल्या चुकीला ‘बग’ म्हणतात आणि लोक सांगतात की एका यंत्रात खरोखरच पाखरू अडकलं होतं, त्यावरून. पाखरू सापडलं होतं हे खरंच, वहीत चिकटवून ठेवलं होतं. पण शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होता. पाखरू बिचारं नंतर आलं. ‘पिंग’ नावाच्या प्रोग्रॅमचंही तसंच. ज्याने ते केलं तो सांगत होता की पाणबुडीच्या यंत्राचा आवाज तसा येतो म्हणून नाव दिलं, आणि दुसऱ्याने मागाहून त्याला फुल फॉर्म चिकटवला. ‘स्पूल’ ही चार शब्दांची आद्याक्षरं की नाहीत, यावर तर दोन मतं आहेत आणि दोन्हीकडचे लोक हटून बसले आहेत. मला विचारतील तर स्पूल म्हणजे रीळ. त्याला चार शब्दांची काय गरज?

यावरून मी एक शिकले. आधी नाव असतं आणि फुल फॉर्म मागून येतो. साहेबांना दाखवायला. म्हणजे तुमचं ‘प्रचलित मत’ मागून शिवलेलं अस्तर आहे.

बाबांची ट्रंक रिकामी करून पाहिली. हमीपत्रं, चष्म्याची तीन घरं, तुझ्या पहिल्या नोकरीच्या नेमणुकीची प्रत. ती त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली होती. मिनूचं काही नाही. यंत्रखोलीत त्यांच्या शेजारी बसणारे कोटवाले तुला आठवत असतील. यंत्रांसाठी खोली गार ठेवायचे म्हणून ते बाराही महिने लोकरी कोट घालायचे आणि बाहेर रणरणत्या उन्हातही काढायला विसरायचे. ते अजून आहेत. ऐंशीच्या पुढे गेले. मी त्यांच्याकडे जाणार आहे.

तुझा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. ते या पत्रात काढत नाही. हे कोशाचं पत्र आहे.

आई

४ एप्रिल

चि. लेकीस,

पुरावा मिळाला. सोबत जोडला आहे.

कोटवाले तिसऱ्या मजल्यावर सुनेकडे राहतात. कोट खुंटीला होता. मला बघून म्हणाले, “वहिनी, या वयात आपल्याकडे कुणी आलं की दोनच कारणं. एकतर कुणीतरी गेलंय, नाहीतर कागद हवाय.” मी म्हटलं, कागद हवाय. सूनबाईंनी चहा ठेवला आणि आतून सांगितलं की यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने हे ऐकत नाहीत.

फुल फॉर्मबद्दल विचारलं तर ते हसले. वरिष्ठांना अहवाल द्यायचा होता म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिघांनी बसून तो जुळवला. ‘न्यूमेरिक’ हा शब्द स्वतः कोटवाल्यांनी पुरवला, एन कुठेच बसत नव्हता म्हणून. म्हणजे मी म्हणत होते तेच. नाव आधी, फुल फॉर्म नंतर.

त्यांनी निवेदन लिहून दिलं आहे. हात कापतो म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे, पण वाचता येईल. ‘सदर प्रोग्रॅमचं नाव कर्त्याच्या दिवंगत कन्येच्या लाडक्या नावावरून ठेवण्यात आलं, हे मला प्रत्यक्ष माहीत आहे.’ खाली सही, तारीख, पूर्ण पत्ता. तुम्हाला हवं होतं तसं.

आणखी सांगण्यासारखं काही नाही. पोच कळव.

आई

२७ एप्रिल

चि. लेकीस,

तुझी पोच मिळून बारा दिवस झाले. छापील भागात लिहिलं आहे, ‘निवेदन ग्राह्य धरलं असून नोंदीत प्रथम उगम म्हणून घेण्यात येत आहे.’ त्याखाली, समासाच्या बाहेर, पेनाने तू लिहिलं आहेस, ‘आई, म्हणजे बाबा खरं सांगत होते. मला नेहमी वाटायचं की तुला जेवायला लावायला त्यांनी ते बनवलं. उन्हाळ्यात येऊ का?’

हे बारा दिवस मी त्या कागदाला हात लावून बघते आहे. तुझ्या हातचं ‘आई’. त्यावर हो म्हणायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. तीन आणली, तिन्ही लिहिली, एकही टाकलं नाही.

मागच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं नाही. निवेदन खोटं आहे. कोटवाल्यांनी ते मी सांगितलं म्हणून लिहिलं, मी सांगितलं तसंच लिहिलं. त्यांचा दोष नाही.

त्या दिवशी फुल फॉर्मचं सांगून झाल्यावर मी उठत होते. तेव्हा ते हळूच म्हणाले, बाकीचं कशाला उकरता, वहिनी. मी परत बसले. बाकीचं म्हणजे काय, असं विचारलं. त्यांनी सूनबाईंना औषधं आणायला पाठवलं. मग पलंगाखालची पेटी ओढायला लावली आणि त्यातून एक घडी केलेला लांब कागद काढला, दोन्ही कडांना भोकं असलेला, तुमच्या जुन्या यंत्रांतून यायचा तसला. पहिल्याच ओळीवर ती चार अक्षरं. वरच्या कोपऱ्यात तारीख. आपली मिनू जन्मली त्याच्या चौदा महिने आधीची.

दुसऱ्या अक्षराला, ‘आय’ला, लाल पेन्सिलीने गोल केला होता आणि बाजूला इंग्रजीत तीन अक्षरं होती. आता मला वाचता येतं. सी, ए, टी. पुढे प्रश्नचिन्ह.

“हे कुणाचं अक्षर?” मी विचारलं.

“मोठ्या साहेबांचं. वहिनी, त्याला मेनू लिहायचं होतं. ईच्या जागी आय पडला.”

मला कळेना. मेनू म्हणजे काय ते विचारलं.

“हॉटेलात काय काय मिळतं त्याचं कार्ड असतं, ते. पडद्यावरच्या यादीला परदेशात तसं म्हणतात. आम्ही कुठे कार्डवाल्या हॉटेलात गेलो होतो. भिंतीवरची पाटी वाचायची आणि चहा सांगायचा. शिकवायला आलेला माणूस तोंडाने बोलला, ह्याने कानाला लागलं तसं लिहिलं. तो रजेवर असता आणि मी लिहिलं असतं, तरी तसंच लिहिलं असतं.”

साहेबांच्या नजरेला पडेपर्यंत प्रोग्रॅमच्या टेपा तीन गावांना गेल्या होत्या. तिथल्या बायका सकाळी कामावर आल्या की तीच चार अक्षरं बडवून सुरुवात करत होत्या. बदलायचं तर तिन्ही ठिकाणचं काम बंद पडलं असतं. म्हणून चूक तशीच ठेवली आणि ती झाकायला फुल फॉर्म जुळवला. साहेबांनी मात्र भर बैठकीत विचारलं की हे तर मांजरीचं नाव, यंत्रात मांजर पाळलंय का. तिथून ते सुरू झालं. तुझे बाबा जिन्यात दिसले की कुणीतरी म्यांव करायचं. जेवायला बसले की म्यांव. एकदा त्यांच्या टेबलावर बशीत दूध काढून ठेवलं होतं.

कुणी ठेवलं, असं मी विचारलं. कोटवाल्यांनी खुंटीकडे तोंड फिरवलं.

“मीच,” म्हणाले.

वर्षभर हे चाललं. मला याचा पत्ता नव्हता. ते घरी यायचे, हातपाय धुवायचे, माझ्या मशीनला तेल घालायचे. कचेरीत कसं काय, असं विचारलं तर म्हणायचे, चाललंय. मी त्यांच्या चाललंयवर विश्वास ठेवायची.

कोटवाले पुढचं सांगायला तयार नव्हते. मी उठले नाही. मग सांगितलं. मुलगी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे बाबा मिठाईचा पुडा घेऊन कचेरीत गेले. सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला, मोठ्या साहेबांच्याही. आणि मधोमध उभे राहून म्हणाले, “मुलीचं नाव मिनू ठेवलंय. आता करा म्यांव.”

“कुणी नाही केलं, वहिनी,” कोटवाले म्हणाले. “त्यानंतर कधीच नाही केलं. आणि पोर गेल्यावर तर तो शब्द उच्चारायचीसुद्धा कुणाची छाती नव्हती.”

मी चहा संपवला. तो गार झाला होता. मग मी त्यांना म्हटलं, मला लिहून द्या. त्यांनी विचारलं, काय लिहू? आणि मी सांगितलं. शब्दन्‌शब्द माझा आहे. ‘दिवंगत कन्येच्या लाडक्या नावावरून’ हेही माझंच, वाचनातून आलेलं.

आता मला एकच दिवस सारखा आठवतो. बाळंतपणाच्या खोलीत मी होते, ती माझ्या कुशीत. तिच्यासाठी मी नऊ महिने एक नाव मनात धरलं होतं. पुस्तकातून काढलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. तुझे बाबा पायथ्याशी येऊन उभे राहिले. तिला अजून नीट बघितलंही नव्हतं. म्हणाले, हिला मिनू म्हणायचं. मला वाटलं, माणूस दारात यायच्या आधीच नाव घेऊन आला, किती दिवस घोळवलं असेल. म्हणून मी माझं नाव गिळलं. ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आता तर नाहीच.

त्यांनी तिच्यासाठी नाव शोधलं नव्हतं गं. नाव आधी होतं, ते झाकायला त्यांना मुलगी सापडली. जेवणाच्या सुट्टीत जुळवलेला फुल फॉर्म पुरला नाही, म्हणून हा दुसरा.

मी स्वतःला समजावून पाहिलं. म्हटलं, असं बघ, माणसाने आपली चेष्टा घरी आणून तिचं लाडाचं नाव केलं, यात माया नाही का? असेलही. त्यांना विचारता आलं असतं तर विचारलं असतं. पण ते मला यंत्रासमोर उभं करून ‘ही आता कुठे जात नाही’ म्हणाले, तेव्हा त्यांना तारीख माहीत होती. मी वर्षानुवर्षं रांगांत उभी राहून एक चुकीचं स्पेलिंग वाचत होते.

आणि तू. ते आता काढते.

तू बोलायला लागायच्या आधीपासून मी तुला मिनू म्हणायची. जाणूनबुजून नाही. हाक मारताना तोंडातून तेच यायचं आणि तू ओ द्यायचीस. तू सात वर्षांची होईपर्यंत ओ देत होतीस. मग एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस की मी ती नाही. मी म्हटलं, चुकून झालं. त्यानंतरही होत राहिलं, फक्त तू ओ द्यायची थांबलीस. बाबा गेले त्या दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात मी ओरडले, मिनू, डॉक्टरांना बोलव. सगळ्यांसमोर. आणि तू धावत गेलीस. तीस वर्षांनी त्या नावाला तू ओ दिलीस, कारण वेळच तशी होती. डॉक्टरांना घेऊन आलीस, शेवटपर्यंत उभी राहिलीस, सगळं केलंस, आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरलीस. जाताना काही बोलली नाहीस. मीही थांब म्हटलं नाही.

तू एका मेलेल्या बहिणीच्या नावाखाली वाढलीस, असं मला वाटत होतं. तेवढंसुद्धा खरं नव्हतं. म्हणून हे लिहावं लागलं. उन्हाळ्यात तू आली असतीस, मी तुला जेवायला वाढलं असतं, तू बाबांबद्दल चांगलं बोलली असतीस आणि मी मान हलवली असती. मला ते जमलं असतं, याचीच भीती वाटली.

भोकांचा कागद कोटवाल्यांनी मला दिला, तो सोबत पाठवते आहे. मूळ प्रत आहे, जपून हाताळ. कोटवाल्यांचं निवेदन रद्द कर. त्यांना काही विचारू नकोस, माणूस थकला आहे.

उन्हाळ्याचं आता तू नव्याने ठरव.

आई

९ जून

चि. लेकीस,

रजिस्टर पाकीट मिळालं. भोकांचा कागद सुखरूप परत आला. सोबत नोंदीचा छापील मसुदा, ‘दुरुस्ती असल्यास पंधरा दिवसांत कळवावी’. वर ‘माननीय महोदया’. या वेळी ‘महोदय’ छापलेलंच नाही, म्हणजे तुला खोडायलाही काही उरलं नाही. पाकीट मी उलटं करून झटकलं. कडेने उसवून आतूनही बघितलं. आणखी काही नव्हतं.

उन्हाळा संपत आला. शाळा उघडायच्या आहेत, गणवेशांचं काम पुष्कळ आहे. मी रोज पंखा लावून बाहेरच्या खोलीत बसते, दाराकडे पाठ करून, कारण तोंड केलं की शिलाई वाकडी जाते.

कोटवाले गेल्या आठवड्यात गेले. सूनबाईंनी फोन करून सांगितलं. मी जाऊन आले. तो कोट कुणाला द्यावा असं त्या मला विचारत होत्या. 

मसुदा तीनदा वाचला. भाषा चांगली आहे, नेटकी. एकही शब्द जास्तीचा नाही. हे तू कुणाकडून घेतलंस माहीत नाही. तू लिहिलं आहेस :

‘मिनू. यादीतून आकड्याने काम निवडण्याचा आरंभीचा प्रोग्रॅम. उगम वादग्रस्त. (१) मेनू या शब्दाच्या चुकीच्या स्पेलिंगवरून. समकालीन मुद्रित प्रतीचा आधार. (२) मल्टिपल इनपुट न्यूमेरिक युटिलिटी या शब्दांची आद्याक्षरं. हा विस्तार मागाहून केलेला. (३) कुटुंबीयांच्या मते, कर्त्याच्या मुलीच्या नावावरून. तारखांच्या पुराव्याने टिकत नाही.’

पहिल्याला हरकत नाही. दुसऱ्याला नाही. तिसरंही खरं आहे, ते टिकत नाही. तू ते काढून टाकलं असतंस तरी मी काही म्हणणार नव्हते. ठेवलंस. का ठेवलंस ते विचारत नाही. विचारलं तर तू ‘पद्धत म्हणून’ असं उत्तर पाठवशील, आणि ते मला वाचायचं नाही.

दुरुस्ती एकच आहे. ‘कुटुंबीयांच्या मते’ हे चूक आहे. कुटुंबात चौघं होतो. एकीला मत असायचं वयच मिळालं नाही. एकाला खरं माहीत होतं. एकीचा त्या गोष्टीवर कधीच विश्वास नव्हता, एकदा बसला तोही मी दोन आठवड्यांत काढून घेतला. राहिलं कोण ते मोज.

तेव्हा ‘कुटुंबीयांच्या’ खोड आणि तिथे ‘एका बाईच्या मते’ असं लिही. बाई कोण, ते लिहू नकोस. तेवढं पुराव्याने टिकेल.

आई